गाठ नसलेल्या गाठी

चेहऱ्याची एक बाजू बधिर झाली, एकाचे दोन दिसू लागले किंवा डोकेदुखी महिनोन्‌महिने हटेना, की बेलापूरची माणसं डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जवळचं श्रीरामपूर गाठतात, नाहीतर कोल्हारमार्गे लोणीला जातात. ज्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तिथेच पुढे प्रवरा मेडिकल ट्रस्टचं रुग्णालय झालं आणि १९८४ साली वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. ‘मेंदूचा फोटो काढायला सांगितलाय,’ असं माणसं म्हणतात. पण अशा तक्रारींचं मूळ कधीकधी मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाच्या हाडात असतं.

हे हाड म्हणजे चाळणच आहे. वर मेंदू, खाली नाक, सायनस आणि घसा, दोन्ही बाजूंना कान. मेंदूकडून निघालेल्या नसा इथल्या छिद्रांतून बाहेर पडतात. गालाची संवेदना नेणारी नस फोरामेन रोटुंडममधून जाते, खालच्या जबड्याची आणि चावण्याच्या स्नायूंची फोरामेन ओव्हालेमधून. मेंदूला रक्त पुरवणारी कॅरोटिड धमनी कानाजवळच्या दगडासारख्या कठीण हाडातून वळण घेत वर चढते. इथे डॉक्टरांचं बोट पोचत नाही, दुर्बीणही फार आत जात नाही. सगळी भिस्त चित्रावर.

ते चित्र फार जुनं नाही. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचं सीटी स्कॅन झालं. त्या चित्रात प्रत्येक बाजूला ८० असे चौकोन होते आणि काप एक सेंटिमीटरहून जाड. एवढ्या जाड कापात कवटीच्या तळाची छिद्रं हरवून जात. आज कानाच्या हाडाचे अर्ध्या मिलिमीटरचे काप निघतात. हाऊन्सफील्ड यांच्या नावाची मोजपट्टी आजही वापरात आहे: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभराच्या आसपास, घट्ट हाड हजारापर्यंत किंवा त्याहून वर.

यंत्र इतकं बारीक पाहू लागलं आणि नवीच पंचाईत झाली. माणसाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. कानामागच्या हाडाच्या आतल्या टोकात, पेट्रस एपेक्समध्ये, कधी एका बाजूला हवेचे कप्पे असतात आणि दुसऱ्या बाजूला चरबीयुक्त मज्जा. एमआरआयच्या टी-वन चित्रात ही मज्जा पांढरी चमकते आणि नवख्या डोळ्याला गाठ वाटते. कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा नावाची खरी गाठही तिथेच होते आणि तीही तशीच चमकते. चरबीची चमक दाबणारं चित्र घेतलं, की मज्जा काळी पडते, ग्रॅन्युलोमा पांढराच राहतो. सीटीत मज्जेच्या हाडाची जाळी शाबूत असते, ग्रॅन्युलोमा हाड फुगवतो.

जुग्युलर शिरेचं छिद्र बहुधा उजवीकडे मोठं असतं. त्यात रक्त संथ वाहत असेल तर एमआरआयला तिथे गाठीचा भास होतो. अशा वेळी सीटीत हाडाची कड पाहायची. ती गुळगुळीत असेल तर तो बहुधा भासच, कुरतडल्यासारखी असेल तर पॅरागँग्लिओमा या गाठीचा शोध घ्यावा. ज्यांना हात लावायचा नाही अशा या जागा ओळखता येणं, हीच मला चित्रं वाचण्याच्या या विद्येतली सर्वांत मोठी कसोटी वाटते. एका चुकीच्या शब्दापायी निरोगी माणसाच्या कवटीत सुई जाऊ शकते, आणि त्याआधी घरदार कर्करोगाच्या भीतीने रात्री काढतं.

उलट बाजू, म्हणजे शाबूत दिसणाऱ्या हाडामागचा खरा धोकाही, आपल्या राज्याने पाहिली आहे. २०२१च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मधुमेह आणि स्टेरॉइड अशा दुहेरी कात्रीत सापडलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने गाठलं. मे महिन्यात केंद्राने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरते, त्यामुळे हाड शाबूत दिसत असतानाच ती पलीकडे पोचलेली असते. गालाच्या सायनसमागची चरबी सीटीत नेहमी स्वच्छ काळी दिसते. ती गढूळ झाली की धोक्याची घंटा. तिथून टेरिगोपॅलाटाइन खाच, डोळ्याची खोबण आणि मग मेंदूजवळचा कॅव्हर्नस सायनस अशी बुरशीची वाट. त्या इवल्याशा चरबीकडे वेळेवर नजर गेली, तर शस्त्रक्रिया आणि बुरशीवरचं अँफोटेरिसिन सुरू करायला मोलाचे दिवस मिळत.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी केलेलं काम याच तळाच्या मागच्या टोकाचं. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा सुळका कवटीत वर घुसतो त्याला बेसिलर इनव्हॅजिनेशन म्हणतात. टाळूच्या मागच्या टोकापासून कवटीच्या मोठ्या छिद्राच्या मागच्या काठापर्यंत रेघ ओढून सुळका तिच्या किती वर गेला ते मोजायचं, ही चेंबरलेन यांची १९३९ची रीत. गोयल यांनी पहिले दोन मणके पट्टी आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली आणि ती जगभर पोचली. तिथेही कोणता स्क्रू कुठे बसेल हे आधी सीटीत पाहावं लागतं, कारण मणक्याची धमनी प्रत्येकाची वेगळ्या वाटेने जाते.

म्हणूनच निरुपद्रवी वेगळेपणही रिपोर्टात लिहिलं गेलं पाहिजे. कॅरोटिड धमनी क्वचित वाट बदलून थेट मधल्या कानात येते आणि पडद्याआड लालसर गाठीसारखी दिसते. त्या माणसाला तिचा आयुष्यभर त्रास नसेलही. पण गाठ समजून कुणी तिचा तुकडा तपासायला घेतला, तर रक्तस्राव आवरणं कठीण जातं. सायनसच्या शस्त्रक्रियेआधी दृष्टीची नस मागच्या हवेच्या कप्प्यात उघडी पडली आहे का, हेही असंच पाहून सर्जनला कळवायचं असतं.