‘टी६४’ प्रत्यय : एका नामांतराची चिकित्सा

जुन्या कागदावर नुसता ‘शके’ असा उल्लेख आला म्हणजे तो शक शालिवाहनाचा कीं राज्याभिषेकाचा, हें ठरविल्यावांचून संशोधकास पुढें जातां येत नाहीं. लिहिणाराचा व वाचणाराचा संकेत एक नसला, तर आंकडा शुद्ध असूनहि निष्कर्ष चुकतो. संगणकाच्या सामायिक लायब्रऱ्यांत सन २०२४ मध्यें जो गोंधळ उडाला त्याचें मूळ हेंच आहे.

युनिक्स परंपरेंतील संगणक काल मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांनीं. ३२ बिटांच्या यंत्रांवर ही संख्या ३२ बिटांतच ठेवीत; तींत २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच आंकडा मावतो. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजीं भरेल, व पुढल्याच सेकंदास मिती १३ डिसेंबर १९०१ दिसूं लागेल. त्यापूर्वींची मितीहि या गणतींत बसत नाहीं. सबब पेशवेकालीन पत्राची मिती सूचींत अक्षरांनींच नोंदवावी हें बरें.

उपाय सरळ, ६४ बिटांचा. परंतु लायब्ररीची एकच प्रत अनेक प्रोग्रॅम वापरतात. प्रोग्रॅमनें कालासाठीं चार बाइट धरले व लायब्ररीनें आठ वाचले, तर पुढील सर्व मजकूर सरकतो. अशी विजोड जोडी जमूं नये म्हणून डेबियनच्या मंडळींनीं नव्यानें बांधलेल्या पॅकेजांच्या नांवांस ‘टी६४’ हा प्रत्यय लाविला. ‘लिबएसएसएल३’ चें ‘लिबएसएसएल३टी६४’ झालें.

येथवर ठीक. पण ६४ बिटांच्या नेहमींच्या यंत्रांवर काल आधींच ६४ बिटांचा होता. तेथें कांहींएक बदललें नसतां, सर्वत्र एकच नांव असावें म्हणून, नामांतर मात्र झालें! जुनें पॅकेज काढून नवें घालण्याची सूचना पाहून पुष्कळजण बिचकले. एप्रिल २०२४ च्या उबुंटू २४.०४ वर ‘लिबअसाउंड२’ मागितल्यास तें नांव केवळ आभासी आहे असें उत्तर येतें. तेथें ‘लिबअसाउंड२टी६४’ घ्यावें. बहुतेक पॅकेजांतील फाइलचें नांव पूर्वींचेंच आहे, म्हणजे वेष्टणावरील नांव बदललें, आंतील पोथी तीच. ‘लिबएआयओ’ हा अपवाद. त्याच उबुंटूवर फाइलचेंच नांव बदलल्यामुळें बाहेरून आणलेला प्रोग्रॅम ‘फाइल सांपडत नाहीं’ म्हणून अडतो. लोक जुन्या नांवाचा दुवा करून देतात. ६४ बिटांच्या यंत्रावर हें चालतें. जेथें कालाची रुंदी खरोखरच बदलली तेथें ही युक्ति करूं नये.

इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या शाखेंत डेबियननें जाणूनबुजून जुनीच रुंदी राखिली, कारण पूर्वीं बांधून ठेवलेले प्रोग्रॅम चालविणें हाच तिचा आतां मुख्य उपयोग. जुन्या स्कॅनरचा, निर्मात्यानें सोडून दिलेला प्रोग्रॅम ज्यांच्या संग्रहीं आहे, त्यांस हा अपवाद उपकारकच. मात्र २०३८ ची मर्यादा त्यांच्या वांट्यास तशीच राहिली आहे.