जुनी गाडी, पहिली गाडी

इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यात इम्बर नावाचे एक ओस गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४३ मध्ये, लष्करी सरावासाठी तिथल्या रहिवाशांना घरे सोडावी लागली. ते पुन्हा तिथे नांदायला आलेच नाहीत. २००९ सालापासून या गावाला वर्षातून एक दिवस लंडनच्या जुन्या दुमजली गाड्या जाऊ लागल्या. हौशी मंडळी तिकीट काढून बसतात, फिरतात, आणि संध्याकाळी गाव पुन्हा रिकामे होते.

आपल्याकडे असा उत्सव रुजलेला नाही. जिव्हाळा मात्र आहे. मुंबईत १९३७ साली आलेल्या डबलडेकरचा जुना डिझेलवरचा अवतार १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचा धावला, तेव्हा लोकांनी गाडीला हार घातले. हैदराबादेत निजामाच्या वाहतूक खात्याची १९३२ सालची अल्बियन गाडी जपून ठेवली आहे. तिच्याशी चंद्रपूरकरांचेही नाते लागते. आपला राजुरा तालुका तेव्हा निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये आपल्याकडे आला.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. विदर्भातली सरकारी बससेवा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर तिच्यात सामील झाली. बँकेच्या नोकरीत मी गडचिरोली जिल्ह्यात या लाल गाडीनेच हिंडलो. खडखडणाऱ्या खिडक्या, कंडक्टरच्या पंचची टिकटिक, टपावर सायकली आणि धानाची पोती, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला निघालेली माणसे, आणि गाडीभर मोहाचा वास. वर्तमानपत्र, औषधाची बाटली, लग्नाचा निरोप, सारे ड्रायव्हरच्या हाती सोपवले जाई. रात्री गावात राहणाऱ्या मुक्कामी गाडीचा तर थाटच वेगळा. "आज गाडी येते का जी?" हा प्रश्न चौकाचौकात ऐकू येई. पहाटेच्या तिच्या हॉर्नवर गावाचे घड्याळ चाले.

पण ही आठवणसुद्धा सर्वांच्या वाट्याला आलेली नाही. अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. धानोरा तालुक्यातल्या कटेझरीत ती पोहोचली एप्रिल २०२५ मध्ये. मुंबईकर जुन्या गाडीला निरोप देऊन चुकले, त्यानंतर इथे पहिलीचे स्वागत झाले! त्याआधी आजारी माणसाला खाटेवर घालून पायी न्यायचे, पोरीने शाळा सोडायची, आणि बाजार म्हणजे दिवसभराची पायपीट.

हिशेबाच्या वहीत अशी फेरी तोट्यातच दिसणार. आयुष्यभर मी जमाखर्च मांडला आहे, म्हणूनच सांगतो : वाचलेला जीव आणि दहावीला बसलेली मुलगी यांच्यासाठी त्या वहीत रकाना नसतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट तुटते. पूर ओसरल्यावर गाडी पुन्हा येईल, या भरवशावर माणसे थांबतात. तोट्याचे कारण दाखवून बंद केलेली फेरी मात्र पूर ओसरला तरी येत नाही.

दर १ जूनला एक जुनी लाल गाडी चंद्रपूरहून मूल, सावलीमार्गे गडचिरोलीला जरूर धावावी. नातवंडांना घेऊन मी तिच्यात बसेन. पण दुसऱ्या दिवशी कटेझरीची गाडी वेळेवर सुटली पाहिजे. एखादी गाडी जपायची खरी रीत हीच, की ज्या गावाला तिची गरज आहे तिथे तिने रोज जावे.