जुनं बोट-इंजिन जागं करताना

गोदावरीला पूर आला की परभणी जिल्ह्यात बचावाच्या बोटीमागचं इंजिन, म्हणजे ओबीएम, सगळ्यांच्या नजरेत भरतं. एरवी ते कोपऱ्यात पडून असतं आणि बिघाड तिथेच सुरू होतो. 1909 साली ओले एव्हिनरूड यांनी मिलवॉकीत दीड अश्वशक्तीचं असं इंजिन विक्रीला आणलं. मूळ रचना आजही ओळखीची वाटते.

जुनं इंजिन उघडताना लोक आधी प्लग पाहतात. माझ्या मते सुरुवात रबरी इम्पेलरपासून करावी. हे इंजिन नदीच्याच पाण्यावर थंड होतं आणि ते पाणी वर चढवतो तळहातावर मावणारा हा पंखा. वर्षानुवर्षं दबून राहिल्यानं त्याची पाती कडक होतात. बोटानं सरळ केलं की पातं पुन्हा वाकतं, नाहीतर मुळाशी चिरतं. तो बदलायचाच! कोरडं चालवलं तर नवाही लगेच खराब होतो, म्हणून चाचणी पाणी भरलेल्या पिंपात घ्यावी. इंजिनातून पाण्याची सलग धार बाहेर पडली की पंप शाबूत.

कार्ब्युरेटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा चिकट थर साफ करावा. प्रोपेलरची शिअर पिन मात्र मऊ धातूचीच हवी. येलदरीसारख्या जलाशयात बुडालेल्या खोडावर प्रोपेलर आदळला, तर ती तुटते आणि गिअर वाचतात. तिथे लोखंडी खिळा कधीही घालू नये.