सौदा पितृपक्षात, बिल घटस्थापनेनंतर!

‘‘पितृपक्षात कुणी गाडी घेतं का?’’ मामेभावानं कपाळाला हात लावला.

‘‘घ्यायचं कोण म्हणतंय? भाव करायला जाऊ या,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘भाव करायला मुहूर्त लागत नाही.’’

२०२५ च्या सप्टेंबरमधली ही गोष्ट. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा चिवडा-फरसाणाचा छोटा व्यवसाय आहे. माल गुढियारीच्या दुकानांत आणि पुढे भिलाई-दुर्गपर्यंत जातो. इतकी वर्षं भाड्याच्या टेम्पोवर काम चाललं. टेम्पोवाल्याला महिन्याला साधारण २८ हजार रुपये जायचे आणि ऐन सणात तो हमखास दांडी मारायचा. म्हणून स्वतःची पिकअप घ्यायचं ठरलं. त्यासाठी बँकेतली ३ लाखांची ठेव मोडायची होती. ती ठेव मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली. त्यामुळे पैसा हातातून सुटण्याआधी वहिनींना प्रत्येक रुपयाचा हिशेब हवा होता.

बाजार थंड का होता?

भाद्रपदातल्या त्या पंधरवड्यात तसंही कुणी नवी वस्तू घेत नाही. त्यातच ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं मालवाहू गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला. तो लागू होणार होता २२ सप्टेंबरपासून, म्हणजे नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी. मग कोण कशाला आधी गाडी उचलेल? देशभरातले ग्राहक थांबून राहिले. शोरूममध्ये पंखे फिरत होते, सेल्समन चहा पीत होते आणि मागच्या आवारात गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या.

अशा दिवसांत विक्रेत्याची अडचण समजून घ्यायला हवी. बहुतेक विक्रेते कंपनीकडून गाड्या उचलतात ते कर्ज काढून. गाडी आवारात जितके दिवस उभी, तितके दिवस व्याज चालू. शिवाय महिनाअखेरीला ठरलेला आकडा गाठायचा असतो. बाजार तेजीत असला की ग्राहक वाट पाहतो, मंदीत विक्रेता वाट पाहतो. भाव करायची वेळ हीच.

छत्तीसगडमध्ये असे मंद दिवस दरवर्षी येतात. भर पावसाळा, पितृपक्ष आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा खरमास, ज्याला आपण धुंधुरमास म्हणतो. याउलट धनत्रयोदशीला आणि धानाच्या सरकारी खरेदीचे पैसे शेतकऱ्यांच्या हाती आल्यावर विक्रेत्याला मान वर करायला फुरसत नसते.

‘‘यातले तुमचे किती?’’

पहिल्या शोरूममध्ये तरुण सेल्समननं आमचं जोरात स्वागत केलं. ‘‘भाभीजी, आज बुकिंग कर दीजिए, पूरे एक लाख दस हजार का फायदा!’’

मामेभावाचा चेहरा खुलला. वहिनींनी पर्समधून वही काढली. गाडीची मूळ किंमत ७ लाख. २८ टक्के करानं ती ८ लाख ९६ हजारांना पडायची, १८ टक्क्यांनी ८ लाख २६ हजारांना. फरक ७० हजारांचा.

‘‘यातले सत्तर हजार तर सरकारचे,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुमचे किती?’’

उरले ४० हजार. तेही उलगडून घेतल्यावर चित्र वेगळंच निघालं. १५ हजार रोख सूट. आणखी १५ हजार फक्त विमा आणि कर्ज दोन्ही त्यांच्यामार्फत घेतलं तर. उरलेल्या १० हजारांच्या सीट कव्हर, मॅट वगैरे वस्तू, ज्यांची किंमत त्यांनीच लावलेली. शिवाय कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हँडलिंग चार्ज’ साडेसहा हजार. म्हणजे एका हातानं देणं आणि दुसऱ्या हातानं काढून घेणं!

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेल्या कराची वजावट घेता येते. तेवढ्या रकमेवर मग घसारा घेता येत नाही. मामेभाऊ छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन योजनेत आहे. त्याला ही वजावट नाही. म्हणून करातली कपात त्याच्यासाठी खरोखरची बचत होती.

विमा आणि हप्ता

विक्रेत्यानं विम्याचे ४६ हजार लावले होते. त्याच रकमेचं, तेच संरक्षण देणारी पॉलिसी वहिनींना बाहेर ३५ हजारांत मिळाली. विमा सक्तीचा आहे, पण तो विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती नाही. विम्यातल्या ‘थर्ड पार्टी’ भागाचा दर सरकार ठरवतं. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी २०२२ च्या अधिसूचनेत तो १६,०४९ रुपये होता. तो सगळ्या कंपन्यांकडे सारखाच. फरक पडतो तो उरलेल्या भागात, आणि तिथेच घासाघीस करायची असते.

मग हप्त्याची गोष्ट निघाली. ‘‘सिर्फ सात टक्का ब्याज!’’ सेल्समन म्हणाला. वहिनींनी विचारलं, ‘‘फ्लॅट की घटत्या शिलकीवर?’’ तो जरा थांबला. व्याज फ्लॅट होतं.

६ लाखांवर ७ टक्के फ्लॅट दरानं चार वर्षांत व्याज होतं १ लाख ६८ हजार आणि हप्ता १६ हजार. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं! घटत्या शिलकीच्या हिशेबानं हाच दर साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. बँक घटत्या शिलकीवर १२ टक्के सांगत होती. सात ऐकून बारा महाग वाटतात, पण स्वस्त बाराच होते.

आणखी एक मोह असतो मुदत वाढवण्याचा. ६ लाखांना १२ टक्क्यांनी चार वर्षांसाठी हप्ता येतो १५,८०० रुपये, पाच वर्षांसाठी सुमारे १३,३५०. महिन्याला अडीच हजार हलकं वाटतं, पण एकूण परतफेड ४२ हजारांनी वाढते. घाम गाळून मिळवलेली सूट अशी वाहून जाते. म्हणून आधी गाडीची किंमत ठरवा, हप्त्याचं नंतर बोला.

लेखी घ्या, मग बोला

वहिनींनी दोन दिवसांत तीन विक्रेत्यांची लेखी कोटेशन्स जमवली, त्यातलं एक भिलाईचं. प्रत्येकात गाडीची किंमत, कर, नोंदणी, विमा आणि इतर खर्च वेगवेगळे लिहून घेतले. आवाज चढवला नाही, खोटं सांगितलं नाही. दुसऱ्याचा कागद फक्त पुढे ठेवला. ‘‘भैया, आम्हाला गाडी तुमच्याकडूनच घ्यायची आहे. हा आकडा जुळवून द्या.’’

सेल्समन आत मॅनेजरकडे दोनदा जाऊन आला. शेवटी रोख सूट ३० हजार झाली, हँडलिंग चार्ज रद्द झाला आणि विमा बाहेरचा घ्यायला होकार मिळाला. विम्यातले ११ हजार धरून एकूण साडेसत्तेचाळीस हजार वाचले. करातली कपात वेगळी.

मुख्य काम त्यानंतर होतं. वहिनींनी बुकिंगच्या फॉर्मवर दोन ओळी लिहून घेतल्या: बिल २२ सप्टेंबरला किंवा त्यानंतर, १८ टक्के करानं, आणि ठरलेली सूट त्या दिवशीही कायम. नवरात्रात गर्दी उसळल्यावर तीस हजार कुणी दिले नसते. भाव मंदीत ठरला होता आणि तो कागदावर होता.

स्वस्त गाडी, पण काम आहे का?

सगळं जुळल्यावर मामेभाऊ रात्री म्हणाला, ‘‘अगं, पण बाजारच थंड आहे. आपला माल तरी कुठे धडाक्यात जातोय?’’

हा प्रश्न खरा होता. ज्या मंदीत गाडी स्वस्त मिळते, त्याच मंदीत गाडीला कामही कमी असतं. वहिनींनी पुन्हा वही उघडली. हप्ता १५,८००, डिझेल ७ हजार, विमा आणि देखभाल मिळून साडेतीन हजार. एकूण २६,३००. टेम्पोचं भाडं २८ हजार. बचत जेमतेम १,७०० रुपयांची!

‘‘अहो, तो टेम्पो दुर्गहून रिकामा परत येतो,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘आपली गाडी रिकामी का यावी?’’ दुसऱ्या दिवशी मामेभावानं दुर्गच्या दोन ओळखीच्या व्यापाऱ्यांशी बोलून आठवड्याला तीन परतीच्या फेऱ्या ठरवल्या. त्यानंतरच ठेव मोडली.

चालकाचा पगार वाचला, कारण गाडी तो स्वतःच चालवतो. साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं आहे.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, झेंडूचा हार घालून गाडी दारात आली. वहिनींनी ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग पर्समधून तीच वही काढून पहिल्या पानावर किलोमीटरचा आकडा लिहिला. आता रोजच्या फेऱ्यांचा हिशेब त्याच वहीत चालतो.

गाडी घेण्यापूर्वी हे तपासा

• उत्पादनाचा महिना आणि वर्ष. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, ते छापलेलं असतं. गेल्या वर्षी बनलेली गाडी जानेवारीत घेत असाल तर जादा सूट मागा. पुढे विकताना वर्ष बघूनच भाव मिळतो.

• गाडीचं मालासकट एकूण वजन. ३,००० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही.

• राज्य सरकारच्या सवलती. रायपूरच्या ऑटो एक्स्पोमध्ये २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत आजीवन रस्ता करात ५० टक्के सवलत होती. अशी सवलत जाहीर झाली तर ती आपल्या प्रकारच्या गाडीला आहे का, ते परिवहन कार्यालयात विचारा.

• कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन नोंदणी पुस्तकातून बँकेचं नाव काढून घ्यायला विसरू नका.