वसतिगृहातल्या पोरांचाही हंगाम सांभाळा



पाऊस सरत आला की आपली लगबग सुरू होते. तोडणी टोळ्या ठरतात, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची डागडुजी होते, कारखान्यात बॉयलर पेटविण्याची तयारी चालते. नेमक्या याच दिवसांत पुण्या-कोल्हापुरात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचाही एक हंगाम असतो. गणपती, नवरात्र, कोजागिरी, दिवाळी आणि त्याला लागूनच सत्र परीक्षा! आपण इथे उसात गुंतलेलो, पोरे तिथे मांडवात. मग त्यांच्या प्रकृतीकडे बघायचे कोणी?

पुण्याचेच घ्या. ढोल-ताशा पथकांचा सराव गणपतीच्या महिना-दोन महिने आधीच सुरू होतो. कॉलेज सुटले की पोरे कमरेला ढोल बांधून उभी. विसर्जनाची मिरवणूक तर चोवीस तासांहून अधिक चालते. पथकात शिस्त लागते, ओळखी होतात, मुलीही बरोबरीने वाजवतात. हे बंद करा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण चार गोष्टी पोरांच्या कानावर घातल्याच पाहिजेत.

पहिली गोष्ट झोपेची. अठरा ते पंचवीस वयाला रोज ७ ते ९ तास झोप लागते. आठवडाभर जागायचे आणि रविवारी दुपारपर्यंत लोळायचे, याने हिशेब जुळत नाही. उसाची पाण्याची पाळी चुकली, तर पुढे दोन पाळ्या एकदम सोडून गेलेली वाढ परत येते का? तसेच हे. शिवाय रात्रभर जागून पहाटे मोटारसायकलवर गावाकडे निघणे म्हणजे जिवाशी खेळ. डुलकी लागायला एक क्षण पुरतो. झोप काढा, मग निघा. नाहीतर सरळ एस.टी.ने या.

दुसरी गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात ८ तास, ही कामगारांसाठी सुचविलेली मर्यादा. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात फक्त १५ मिनिटे! ढोलाजवळ आणि स्पीकरच्या भिंतीपुढे आवाज याहूनही चढतो. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. औषधाच्या दुकानात कानात घालायचे बोळे मिळतात. ते घालून वाजवावे, त्यात लाज कसली?

तिसरी गोष्ट पोटाची. सरावापायी मेसची वेळ चुकते, मग वडापाव आणि चहावर रात्र निघते. नवरात्रात नुसता चहा आणि साबुदाणा. उपवास करणाऱ्याने शेंगदाणे, दूध, ताक, केळी घ्यावीत आणि पाणी भरपूर प्यावे. प्रसादाचा भात रात्रभर तसाच राहिला, तर सकाळी खाऊ नये. जुलाब लागलेच, तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पीत राहावे. साखरेच्या जोडीने मीठ-पाणी आतड्यात चटकन शोषले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज-मिठाच्या अशाच पाण्याने असंख्य जीव वाचविले.

चौथी गोष्ट तापाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. पावसाळा संपताना डेंग्यू वाढतो. त्याचा डास दिवसा चावतो आणि खोलीतल्या बादलीत, कूलरमध्ये साचलेल्या पाण्यात वाढतो. ताप आला की पोर मनाशी म्हणते, "मिरवणूक होऊ दे, मग बघू." मिळेल ती गोळी खाऊन पुन्हा ढोल बांधते. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन या गोळ्यांनी रक्तस्रावाची भीती वाढते. पॅरासिटामॉल ठरल्या मापात घ्यावी आणि डॉक्टर गाठावा. ताप उतरला म्हणजे सुटलो, असेही नव्हे. त्याच वेळी पोटात जोराचे दुखले, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आले, तर तडक दवाखान्यात न्यावे.

पोरे हे घरी सांगत नाहीत. घरचे रागावतील, परत बोलावतील, याची त्यांना धास्ती असते. आपणही फोनवर "पैसे पोचले का? अभ्यास चाललाय का?" एवढेच विचारतो. यंदा आणखी दोन प्रश्न विचारा : "काल रात्री किती वाजता झोपलास? जेवलास काय?" आणि उत्तर ऐकून लगेच ओरडू नका. ओरडा खाल्लेले पोर पुढच्या वेळी ताप लपवते. तोडीचा कार्यक्रम एखाद्या दिवसाने पुढे ढकलता येतो. आजारी पोराकडे मात्र त्याच दिवशी गेले पाहिजे.