डोंबिवली

डोंबिवली : महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील एक निवासी शहर. कल्याण तालुक्यात, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सु. ४८ किमी. अंतरावर ते वसले असून त्याच्या पश्चिमेस उल्हास नदीची खाडी आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेचा ते प्रमुख भाग होय. या संयुक्त शहराची लोकसंख्या १२,४७,३२७ (२०११) होती.

भातशेती व खाडीतील मासेमारी हे येथील आगरी-कोळी वस्त्यांचे मूळ व्यवसाय. पाथर्ली, आयरे, चोळे, मोठागाव ही गावे, तसेच खंबाळपाडा, देवीचापाडा, कुंभारखाणपाडा हे पाडे शहरात मिसळून गेले, तथापि त्यांची नावे टिकून आहेत. ठाणे ते कल्याण लोहमार्ग १८५४ मध्ये सुरू झाला. त्यानंतरही दीर्घकाळ डोंबिवलीचे स्वरूप ग्रामीणच होते. मुंबईतील जागेची टंचाई व वाढती भाडी यांमुळे गिरगाव, दादर, परळ इ. भागांतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे स्वातंत्र्योत्तर काळात येथे येऊ लागली आणि विशेषतः १९६० नंतर वस्ती झपाट्याने वाढली. बैठ्या चाळी व बंगल्या, नंतर तीनचार मजली सहकारी गृहनिर्माण संस्था आणि अलीकडे उत्तुंग इमारती, असा येथील घरबांधणीचा क्रम दिसतो. गुजराती, दाक्षिणात्य व उत्तर भारतीय वस्तीही लक्षणीय आहे.

लोहमार्गाने शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडतात. पूर्वेकडील फडके रोड हा शहराचा सांस्कृतिक मध्य मानला जातो. त्यालगतचे श्रीगणेश मंदिर १९२४ मध्ये स्थापन झाले. दिवाळीच्या पहिल्या दिवशी भल्या पहाटे तरुणतरुणी नवी वस्त्रे लेवून या रस्त्यावर एकत्र जमतात. गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ पासून गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा निघते. तिचे अनुकरण पुढे अनेक शहरांत झाले. रामनगर, टिळकनगर, मानपाडा रोड, चार रस्ता ही पूर्वेकडील, तर भागशाळा मैदान व रेतीबंदर ही पश्चिमेकडील परिचित ठिकाणे होत. पेंढरकर महाविद्यालय, सावित्रीबाई फुले कलामंदिर व ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल ही पूर्व भागात परस्परांजवळ आहेत.

शाळा, ग्रंथालये, व्याख्यानमाला व सहकारी पतव्यवस्था बहुतांशी नागरिकांनी स्वतः उभारल्या, हे या शहराचे वैशिष्ट्य. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० मधील आहे. कथाकार पु. भा. भावे (१९१०–८०) व शं. ना. नवरे (१९२७–२०१३) यांचे येथे वास्तव्य होते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९० वे अधिवेशन फेब्रुवारी २०१७ मध्ये येथे भरले. त्याचे आयोजन आगरी समाजाच्या संस्थेने केले व संमेलननगरीस भावे यांचे नाव देण्यात आले. मूळचे व नंतर आलेले रहिवासी यांचा सांधा त्यातून दिसून आला.

येथील दिनक्रम उपनगरी गाड्यांच्या वेळांना बांधलेला आहे. बहुसंख्य नोकरदार सकाळी मुंबई-ठाण्याकडे जाऊन रात्री परततात. गाडीतील गर्दी व दारातून पडून होणारे मृत्यू हा येथील सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. ठाणे-दिवा यांदरम्यानचे पाचवे व सहावे लोहमार्ग २०२२ मध्ये पूर्ण झाले, तरी वाढत्या वस्तीपुढे ते अपुरे ठरतात.

डोंबिवलीची स्वतंत्र नगरपालिका १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत विलीन झाली. आसपासची २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळण्यात आली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. अरुंद रस्ते व मोकळ्या जागांचा अभाव या उणिवा कायम आहेत. पूर्वेकडील औद्योगिक वसाहतीत रसायने, रंग व कापडप्रक्रिया यांचे कारखाने आहेत. प्रारंभी वस्तीपासून दूर असलेली ही वसाहत आता घरांनी वेढली गेली आहे. मे २०१६ व मे २०२४ मधील भीषण स्फोटांत जीवितहानी होऊन परिसरातील घरांचीही हानी झाली. त्यामुळे धोकादायक कारखाने हलविण्याची मागणी पुढे आली. स्वतःच्या संस्था उभारणाऱ्या या शहराची सुरक्षितता मात्र मुख्यत्वे नियोजन व रेल्वे या त्याच्या हाती नसलेल्या दोन गोष्टींवर अवलंबून आहे.