चौदा टाके

संपादकांनी फोनवर विषय सांगितला तो एका वाक्यात: जगभर व्हिडिओ गेमच्या कन्सोलचा खप घसरतोय, आपल्या वऱ्हाडात काय चाललंय ते बघून या. मी आधी अमरावतीत राजापेठेतल्या एका ओळखीच्या गेम पार्लरकडे गेलो. तिथे आता झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं दुकान आहे. मालक तेच. खुर्च्याही त्याच, फक्त त्यांची तोंडं आता एकमेकांकडे आहेत. "नवी मशीन कोनी घेत नाई जी," ते म्हणाले, "पन जुनी दुरुस्तीले जाऊन राह्यली. तुमी अकोल्याले जा. टिळक रोडच्या मांगच्या गल्लीत एक भाऊ हाये, त्याले सारं ठाऊक हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडली. जून २०२२ मध्ये लोणी ते मूर्तिजापूर या पट्ट्यात ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून गिनीजमध्ये नोंद झाली, तोच हा रस्ता. दहाच्या सुमारास अकोल्यात उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

दुकान आठ बाय दहाचं. बाहेर पाटी टीव्ही दुरुस्तीची, आत एकही टीव्ही दुरुस्तीला नाही. मांडणीवर प्लेस्टेशन-फोरची काळी मशीनं पालथी पडलेली, प्रत्येकावर चिकटपट्टीनं गावाचं नाव: बाळापूर, दर्यापूर, कारंजा, अकोट. इथे कन्सोलला मशीन म्हणतात, जुन्या कार्ट्रिजला कॅसेट, आणि हातात धरायच्या कंट्रोलरला रिमोट. मी गेलो तेव्हा भाऊंच्या हातात एक रिमोटच होता, आणि त्यांनी टेबलफॅन बंद केला होता. एप्रिलमध्ये, अकोल्यात. "वारं लागलं का टाका थंडा होते," एवढंच बोलून त्यांनी डोळ्यावरची भिंगाची पट्टी खाली ओढली.

रिमोटची तक्रार सगळ्यात नेहमीची. अंगठा उचलला तरी पडद्यावरचा खेळाडू आपोआप डावीकडे चालत राहतो. अंगठ्याखाली जी छोटी दांडी असते तिच्या बुडाशी एक चौकोनी डबी असते आणि डबीच्या दोन बाजूंना दोन हिरव्या चकत्या. एक आडवी हालचाल मोजते, एक उभी. चकतीच्या आत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावरून घसरणारा धातूचा बारीक पाय. जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण याच तत्त्वावर चालायचं, आणि ते फिरवताना होणारी खरखर ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा रोग लगेच कळेल. दांडी मध्यावर असली की पायावर अर्धं व्होल्टेज येतं. मशीन त्या व्होल्टेजचा ० ते २५५ मधला एक आकडा करते. मध्य म्हणजे १२७-१२८. कार्बन झिजला की मध्यच सरकतो. अंगठा नसतानाही आकडा ११० दाखवतो आणि मशीनला वाटतं, कुणीतरी डावीकडे ढकलतंय. या पट्ट्याचं आयुष्य वीस लाख फेऱ्यांचं धरलेलं असतं. ऐकायला मोठा आकडा, पण मिनिटाला शंभरदा अंगठा हलवणाऱ्या मुलाला तो गाठायला वर्षानुवर्षं लागत नाहीत.

डबी बोर्डावर कथलाच्या चौदा टाक्यांनी बसवलेली असते. तीन-तीन पाय दोन चकत्यांचे, चार खाली दाबायच्या बटणाचे, चार डबी धरून ठेवणारे. हे चौदा टाके एकही तांब्याची वाट न उखडता सोडवणं, ही भाऊंच्या धंद्यातली खरी परीक्षा. कारखान्यातलं कथील शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. भाऊ प्रत्येक टाक्यावर आधी आपल्याजवळचं शिसं घातलेलं कथील चढवतात. ते १८३ ला वितळतं. दोन्ही मिसळली की मिश्रण कमी उष्णतेत सुटतं आणि बोर्ड भाजत नाही. म्हणजे काढण्यासाठी आधी घालायचं. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक टेकवायचं, हातपंपानं वितळलेलं कथील ओढून घ्यायचं, पुढचा पाय. डबी धरणारे चार पाय बोर्डाच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असल्यानं उष्णता पिऊन टाकतात. तिथे ते थांबतात, श्वाससुद्धा रोखतात. त्या दिवशी शेवटचा टाका चार वेळा सुटला नाही. पाचव्यांदा सुटला तेव्हा डबी आपसूक टेबलावर पडली, आणि त्या क्षणी आनंद झाला तो मला. त्यांनी फक्त पंखा लावला.

नवी डबी दोन प्रकारची मिळते. एक तशीच कार्बनची. दुसरी चुंबकाची: तिच्यात काहीच घासत नाही, चुंबक हलतो आणि समोरचा सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. ती महाग. "मी चुंबकाचीच घ्या म्हनतो," भाऊ म्हणाले. "पुन्हा माह्याकडं याले नाई लागत." स्वतःचं गिऱ्हाईक कमी करणारा सल्ला ते प्रत्येकाला देतात, हे मी तीन तासांत पाच वेळा ऐकलं.

अधिकृत इतिहास इथे थोडक्यातच सांगतो. १९८३ साली १ मे रोजी अमरावतीला विद्यापीठ सुरू झालं आणि त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये निन्टेन्डोनं फॅमिकॉम हा कन्सोल बाजारात आणला. फॅमिकॉम मात्र वऱ्हाडात नव्वदच्या दशकात पोचला, तोही नकलेच्या रूपानं. लिटल मास्टर, मीडिया आणि कसलंच नाव नसलेले डबे. साठ पिनांची कॅसेट, तिच्यावर हजारो खेळ छापलेले आणि आत तेच पंधरा-वीस फिरून फिरून आलेले. भाऊ तेव्हा एका टीव्ही मेकॅनिकच्या हाताखाली होते. पहिला डबा दुरुस्तीला आला तो अ‍ॅडाप्टर जळालेला. उघडला तर मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. त्याखाली चिप. तो ठिपका गेला की डबा गेला. बाकी सगळं दुरुस्त होत असे. कॅसेट लागली नाही की पोरं तिच्यात फुंकर मारायची. भाऊ ती खोडरबरानं पुसायचे, कारण फुंकरीतल्या दमटपणानं पिना आणखी काळवंडतात.

बंदुकीचा खेळ आठवत असेल. बदकं उडायची, आपण पडद्यावर नेम धरून चाप ओढायचो. बंदुकीतून काही निघत नसे. ती उलट बघत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर नेम लागला. हे सगळं पिक्चर ट्यूबच्या वेळेवर बेतलेलं होतं. सपाट टीव्ही चित्र थोडं उशिरा दाखवतो, तेवढ्यानंच बंदूक आंधळी झाली. भाऊंनी एक चौदा इंची पिक्चर ट्यूबचा टीव्ही आजही झाकून ठेवलाय, फक्त बंदूक तपासण्यासाठी. गेल्या वर्षभरात तो दोनदा लागला.

मग प्लेस्टेशन-टू आला, आणि छोट्या शहरांचं खरं कन्सोल तेच. जगात १६ कोटींहून जास्त विकलं गेलं. आपल्याकडे बहुतेक मशीनं नकली डिस्क चालावी म्हणून चिप मारलेली, डिस्कही नकलीच. कंपनीचं त्यात नुकसान झालं हे खरं, आणि त्याच नकली डिस्कांवर एक पिढी खेळायला शिकली हेही खरं. क्रिकेट ०७ या खेळानं उन्हाळ्याच्या दुपारी गल्लीतलं खरंखुरं क्रिकेट ओस पाडलं. २००९ मध्ये 'देसी अड्डा' नावाचा भारतीय खेळ याच मशीनवर आला, त्यात कबड्डी होती. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, तिथल्या मुलांनी ती अंगठ्यानं खेळून पाहिली असेल, हा विचार मला फार सुखावतो.

दुपारी मूर्तिजापूरचे एक शिक्षक आपला रिमोट घ्यायला आले. मशीन मुलासाठी घेतलं होतं; मुलगा पुण्याला नोकरीला गेला, मशीन घरी राहिलं. आता शाळेतून आल्यावर सर स्वतः खेळतात. "त्याचा जुना डाव तसाच आहे आत," ते म्हणाले. "त्याच्या नावानंच खेळतो. फोनवर स्कोअर सांगतो त्याला." भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिले पोट्टे येत. आता पोट्ट्याइचे बाप येतात."

पोट्टे कुठे गेले, हे सांगायला बाजाराचा अभ्यासक नको. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, आणि घरात कन्सोल मागणं जिथे चैन होती तिथे फोन मागणं गरज ठरलं. पब्जीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला, मध्ये पुन्हा गेला, पुन्हा आला. कन्सोलकडे कुणी परतलं नाही.

पण मला यातली जास्त टोचणारी गोष्ट वेगळी आहे. मशीन जुनं होत जाईल तसं स्वस्त होतं, हा या धंद्याचा न लिहिलेला करार होता. प्लेस्टेशन-टू अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ वर उतरला. त्या उतरंडीच्या तळाशी अकोला-अमरावती उभी असायची. आपल्याला वस्तू उशिरा मिळायची, पण मिळायची. प्लेस्टेशन-फाइव्हनं तो करार मोडला. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ४९,९९० रुपयांना आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. अमेरिकेत ४९९ डॉलरचं मशीन पाच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ५४९ ला गेलं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपचा बाजार उचलून धरल्यानं भाव उतरण्याची आशाही मावळली आहे.

विक्रीचे आकडे त्यानुसारच आहेत. सोनीनं २०२३-२४ मध्ये प्लेस्टेशन-फाइव्हची २ कोटी ८ लाख मशीनं विकली, पुढच्या वर्षी १ कोटी ८५ लाख. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स मशीनचं उत्पन्न जून २०२४ ला संपलेल्या तिमाहीत ४२ टक्क्यांनी पडलं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२५ मध्ये १६ लाखांच्या आसपास कन्सोल विकले गेले. १९९५ नंतरचा हा तिथला सगळ्यात मंद नोव्हेंबर. निन्टेन्डोचा स्विच-टू मात्र जून २०२५ मध्ये चार दिवसांत ३५ लाख खपला. म्हणजे खेळायची हौस मेलेली नाही. पण निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे विकतच नाही, तेव्हा त्या यशाचा अकोल्याला काय उपयोग?

दुसरा घाव डिस्कवर आहे. छोट्या गावात खेळ कधीच एकट्याचा नसतो. एकानं डिस्क घ्यायची, संपवायची, अकोल्याहून अमरावतीला द्यायची, तिथून यवतमाळला. महाग खेळ चार घरांत वाटला की परवडतो. आता डिस्क न घेणारी मशीनं निघाली. नोव्हेंबर २०२४ चा प्लेस्टेशन-फाइव्ह प्रो डिस्कच्या खणाशिवायच आला, आणि त्यातल्या वायरलेससाठी लागणारी ६ गिगाहर्ट्‌झची पट्टी तेव्हा आपल्याकडे खुली नसल्यानं तो भारतात आलाच नाही. डाउनलोड केलेला खेळ मित्राला देता येत नाही, विकता येत नाही.

आणि तिसरी अडचण थेट भाऊंच्या टेबलावर पडलेली आहे. डिस्कच्या खणाचा बोर्ड आणि मुख्य बोर्ड यांची कारखान्यातच जोडी लावलेली असते. एका मशीनचा चांगला खण काढून दुसऱ्यात बसवला तर मशीन त्याला ओळखत नाही. दोन मेलेल्या मशीनांतून एक जिवंत करणं, हीच तर आपल्याकडच्या दुरुस्तीची सगळी विद्या. आता तिला आतूनच कुलूप घातलं आहे. केंद्र सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, वाहनं आहेत. हक्क कागदावर आला याचा आनंद आहे. पण कुलूपबंद जोडी उघडून देण्याची सक्ती कंपन्यांवर झाल्याशिवाय या गल्लीत त्याचा काही उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

भाऊंच्या हाताखाली सध्या कुणी नाही. एक मुलगा होता, तो मोबाइल दुरुस्तीत गेला. तिथे दिवसाला पैसे सुटतात. सुट्या भागांसाठी ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर फोन करतात, पण जुन्या मशीनचे भाग तिथेही आटत चालले आहेत. मग उरतं ते भंगार. मांडणीच्या खालच्या कप्प्यात त्यांनी मेलेली मशीनं रचून ठेवली आहेत, एकेक स्क्रू वेगळ्या डबीत. बाळापूरच्या मशीनचा पंखा त्यातून निघाला, अकोटच्या रिमोटचं बटणही.

निघताना त्यांनी एकच गोष्ट लिहायला सांगितली, ती लिहितो. अमरावती-अकोल्यात ज्यांच्या माळ्यावर जुनं मशीन पडलं असेल, पोरं गेली म्हणून, बिघडलं म्हणून, त्यांनी ते किलोवर भंगारात घालू नये. आधी रिमोटची बॅटरी फुगली नाही ना ते पाहावं, आणि मग ते जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन द्यावं. चालू नसलं तरी चालेल.